कोबीचीं धिरडीं : पाकशास्त्राचा एक पाठ

"नावडतीचें मीठ अळणी" ही म्हण आपल्याकडे माणसांविषयीं बोलतांना योजितात. परंतु भाज्यांतही एक नावडती भाजी आहे, आणि ती कोबीची होय. वांगें नको म्हणणारा मनुष्य निदान भरल्या वांग्याचा अपवाद करतो. भोपळ्याला नाक मुरडणारीं मुलें त्याच भोपळ्याच्या घारग्यांवर तुटून पडतात. कोबीच्या वांट्याला मात्र असा कैवारी क्वचितच येतो. आमच्या वसतिगृहांत आठवड्यांतून दोन वेळां ही भाजी होते, आणि त्या दिवशीं जेवणें उरकल्यावर ताटांच्या कडेला फिकट पिवळे ढीग सरकवून ठेवलेले दिसतात. ते गोळा केले म्हणजे एक घमेलें भरतें. अन्न टाकूं नये, हा उपदेश आम्हीं अनेकदां केला. उपदेशानें घमेलें रिकामें झालें नाहीं. शेवटीं मनांत आलें कीं, दोष मुलांच्या जिभेचा आहे, कोबीचा आहे, कीं आपल्या रांधण्याचा आहे, हें एकदां नीट तपासून पाहावें. त्या तपासणीसाठीं गेल्या हिंवाळ्यांत गृहशास्त्राच्या वर्गांत जो पाठ झाला, तो येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. तो पाठ आम्हीं द्यावयाचा होता. त्यांतील महत्त्वाचा भाग आम्हांलाच मिळाला, हें आरंभींच सांगून टाकणें बरें.

कोबीचें कूळ

कोबी हा आपल्या देशाचा मूळ रहिवासी नव्हे. त्याचा रानटी पूर्वज युरोपांत समुद्रकांठच्या खडकाळ जागीं अद्यापि उगवतो. त्याला गड्डा धरत नाहीं. नुसतीं जाड, पसरट पानें असतात. शेंकडों वर्षें शेतकऱ्यांनीं निवडून निवडून बीं राखलें, आणि या एकाच जातीच्या रोपापासून निरनिराळ्या भाज्या निर्माण केल्या. पानांची गुंडाळी वाढविली तेव्हां कोबी झाला, खोड फुगविलें तेव्हां नवलकोल झाला, आणि फुलाचा गुच्छ वाढविला तेव्हां फुलकोबी व ब्रोकोली झाली. दिसावयास इतक्या वेगळ्या असल्या तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें या सर्व सख्ख्या बहिणी होत. 'कोबी' हें नांव पोर्तुगीज भाषेंतील 'कोव्ह' या शब्दावरून आलें असें मानतात.

या परदेशी पाहुण्याचें आपल्या फोडणीशीं मात्र जुनें नातें आहे. मोहरी आणि कोबी हीं एकाच कुळांतलीं. मोहरी कुटून पाण्यांत कालविली म्हणजे तिचा उग्र झणका नाकांत जातो, हें लोणचें घालणाऱ्या कोणत्याही घरांतील मुलांस ठाऊक आहे. तो झणका अखंड दाण्यांत नसतो. दाण्याच्या निरनिराळ्या पेशींत व कप्प्यांत दोन प्रकारचीं द्रव्यें वेगळीं ठेवलेलीं असतात. दाणा फुटला आणि पाणी मिळालें म्हणजे तीं एकत्र येतात व तिखटपणा उत्पन्न होतो. कोबीच्या पानांतही हीच व्यवस्था असते, फक्त सौम्य प्रमाणांत. म्हणूनच ताजा चिरलेला कोबी कच्चा खाल्ला तर किंचित् तिखट लागतो.

या द्रव्यांत गंधकाचा अंश असतो, आणि नावडतीच्या कथेचें मर्म तेथेंच आहे. कोबी थोडा वेळ शिजविला तर तो गोडसर लागतो. परंतु पुष्कळ पाण्यांत, झांकण ठेवून, दीर्घकाळ उकळत ठेवला तर गंधकयुक्त वायु सुटूं लागतात, आणि नासक्या अंड्याची आठवण करून देणारा तो वास सर्व घरभर पसरतो. जितका वेळ अधिक, तितका वास अधिक. आमच्या वसतिगृहांत सकाळीं चिरलेला कोबी मोठ्या पातेल्यांत तांब्याभर पाणी घालून शेगडीवर चढविला जात असे, आणि घंटा होईपर्यंत तेथेंच रटरटत असे. त्यांतील जीवनसत्त्वें कांहीं उष्णतेनें जात, कांहीं पाण्यांत उतरत, आणि तें पाणी शेवटीं मोरींत जाई. एवढा अन्याय सोसून आलेली भाजी मुलांनीं आवडीनें खावी, ही अपेक्षाच अवाजवी होती.

धिरडें कां निवडलें ?

तेव्हां कोबीसाठीं असा पदार्थ पाहिजे होता कीं, जो विस्तवावर थोडाच वेळ राहील, ज्यांतील पाण्याचा एक थेंबही टाकावा लागणार नाहीं, आणि जो साधारण घराला रोज परवडेल. या तिन्ही कसोट्यांस धिरडें उतरतें.

येथें नांवांचा थोडा उलगडा करणें अवश्य आहे, कारण तव्यावरच्या पदार्थांत आपल्याकडे घोटाळा फार होतो. भाजणीचें पीठ घट्ट भिजवून, हातानें थापून, मध्यें भोंक पाडून लावतात तें थालीपीठ. तांदळाचें पीठ पाण्यांत पातळ कालवून कोंकणांत करतात तें घावन. तांदूळ व उडीद यांचें पीठ आंबवून करतात ती आंबोळी. आणि डाळीचें अथवा धान्याचें पीठ न आंबवितां सरबरीत भिजवून तव्यावर पसरतात तें धिरडें. आमचें कोबीचें धिरडें या शेवटच्या जातीचें. मात्र त्यांत पिठापेक्षां भाजीचें वजन अधिक असतें, म्हणून तें ओतावयाचें नसून चमच्यानें किंवा ओल्या बोटांनीं पसरावयाचें असतें.

आमचा पहिला प्रयत्न

पाठाच्या दिवशीं आम्हीं फळ्यावर प्रमाण लिहिलें, आणि लिहिल्याबरहुकूम सर्व जिन्नस एका पातेल्यांत एकत्र केले. चिरलेला कोबी, पिठें, मीठ, मसाला आणि वाटीभर पाणी कालवून, मिश्रण सुरेख झालें अशी आपल्या मनाशीं ग्वाही देऊन, आम्ही मुलींस कोबीचें कूळ सांगावयास लागलों. वर जें विवेचन आलें आहे तें सांगतां सांगतां अर्धा तास गेला. मग तवा तापविला आणि पातेल्यावरचें झांकण काढलें, तों आंतील घट्ट मिश्रणाचें सैल कढण झालेलें! पहिलें धिरडें तव्यावर वाहून कडेला गेलें. आम्हीं घाईघाईनें दोन मुठी पीठ आणखी घातलें. त्यामुळें दुसरें धिरडें पसरेना. बाहेरून करपलें आणि आंत कच्चें राहिलें. तिसरें उलथतांना मधोमध फाटलें. मुली तोंडाला रुमाल लावून हसूं लागल्या. त्यांत त्यांचा कांहीं अपराध नव्हता.

वर्गांत मागच्या बाकावर नववींतील एक मुलगी बसली होती. ती घरून डबा घेऊन येणाऱ्या मुलींपैकीं. परंतु मधल्या सुटींत ती इतर मुलींत न बसतां जिन्याखालच्या पायरीवर, भिंतीकडे तोंड करून जेवते, हें आमच्या पाहण्यांत अनेकदां आलें होतें. ती एकलकोंडी आहे, एवढाच त्याचा अर्थ आम्हीं केला होता. ती हळूच उठून म्हणाली, "बाई, मीठ घातलें ना, म्हणून त्याला पाणी सुटलें."

"मग मीठ केव्हां घालावें?" आम्हीं विचारलें.

"मीठ आधींच घालावें, बाई. पण मग वरून पाणी घालूं नये. आधीं कोबी आपलें पाणी देतो, तेवढ्यांतच पीठ कालवावें, आणि लागलें तर मग चमच्यानें घालावें. आमची आई तसें करते."

"तुझी आई हीं धिरडीं नेहमीं करते काय?"

तिनें मान खालीं घातली. "रोज करते. बाजारांत न खपलेला कोबी घरीं येतो."

त्या वेळीं जिन्याखालच्या पायरीचा अर्थ आम्हांस कळला. तिची आई भाजी विकते, आणि जें विकलें जात नाहीं त्यावर घर चालतें. रोज एकच पदार्थ डब्यांत आणावा लागतो याची त्या मुलीला लाज वाटत होती, आणि आम्ही फळ्यावर जें लिहूं शकलों नव्हतों तें ज्ञान ती त्याच डब्यांत रोज शाळेंत आणीत होती. आम्हीं हातांतलें उलथनें तिच्याकडे दिलें आणि आम्ही तिच्या जागीं बाकावर जाऊन बसलों. यापुढील कृति तिच्या आईची आहे. आम्हीं फक्त वजनें करून मापें टिपून घेतलीं.

साहित्य

चार माणसांच्या न्याहारीस पुरतील अशीं, तळहाताहून थोडीं मोठीं आठ धिरडीं होण्यास पुढील प्रमाण घ्यावें. कोबी पाव किलो, हरभऱ्याच्या डाळीचें पीठ १०० ग्रॅम, म्हणजे साधारण एक वाटी. तांदळाचें किंवा ज्वारीचें पीठ ६० ग्रॅम, म्हणजे सुमारें अर्धी वाटी. मीठ एक लहान चमचा. हिरव्या मिरच्या दोन. बोटाच्या पेराएवढें आलें. जिरें अर्धा चमचा, ओवा चिमूटभर, हळद पाव चमचा, मूठभर कोथिंबीर, आणि तव्यास लावण्यापुरतें तेल. कांदा असल्यास एक बारीक चिरून घालावा. नसल्यास कांहीं बिघडत नाहीं. मध्यम आकाराच्या एका गड्ड्यांत असे तीन घाणे सहज निघतात.

कृति

गड्ड्याचीं अगदीं बाहेरचीं, भोंकें पडलेलीं पानें काढावीं. परंतु त्यांखालचीं हिरवीं पानें टाकूं नयेत, कारण आंतील पांढऱ्या पानांपेक्षां त्यांत कांहीं पोषक द्रव्यें अधिक असतात. पानांच्या घड्यांत अळी व मावा लपून राहतो, म्हणून गड्ड्याचे चार भाग करून ते मिठाच्या पाण्यांत दहा मिनिटें बुडवून ठेवावे व स्वच्छ पाण्यानें धुवावे. धुण्याचें काम बारीक चिरण्यापूर्वीं झालें पाहिजे. चिरलेली भाजी धुतली तर पाण्यांत विरघळणारीं जीवनसत्त्वें मोरीच्या वाटेनें जातात. मधला दांडा फेंकून न देतां किसणीवर किसावा. मग पानें आडवीं धरून शक्य तितकीं बारीक चिरावीं. जाड तुकडे राहिले तर ते पिठाबरोबर शिजत नाहींत, आणि धिरडें उलथतांना नेमकें त्याच जागीं फाटतें.

चिरलेल्या कोबीवर सर्व मीठ घालून तो हातानें दोन मिनिटें चोळावा आणि दहा मिनिटें तसाच ठेवावा. एवढ्या वेळांत तो मऊ पडून खालीं बसतो आणि भांड्याच्या तळाशीं पाणी दिसूं लागतें. तें पिळून टाकूं नये. त्यांतच वाटलेली मिरची, आलें, जिरें, चुरडलेला ओवा, हळद व कोथिंबीर घालावी, आणि नंतर दोन्ही पिठें थोडीं थोडीं भुरभुरवीत कालवावीं. आतां पाहिजे तेवढेंच पाणी एकेक चमचा घालीत जावें. ताज्या रसरशीत कोबीला तें थोडें लागतें, चार दिवसांच्या शिळ्या कोबीला अधिक लागतें; म्हणून पाण्याचें माप आम्हीं मुद्दाम दिलें नाहीं. मिश्रण चमच्यावरून ओघळूं नये, परंतु चमचा तिरपा केल्यावर आपल्या भारानें खालीं पडावें, ही त्याची खूण.

तवा शक्य तर लोखंडी किंवा बिडाचा घ्यावा, कारण तो तापला म्हणजे उष्णता धरून ठेवतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकला असतां तो थयथय नाचून नाहींसा झाला म्हणजे तवा तयार झाला असें समजावें. अर्धा कांदा सुरीच्या टोकाला टोंचून, तेलांत बुडवून तव्यावर फिरवावा. त्यामुळें तेल थोडें लागतें व सारखें लागतें. मग डावभर मिश्रण मध्यें घालून ओल्या बोटांनीं किंवा चमच्याच्या पाठीनें अर्धें बोट जाडीचें पसरावें, कडेनें दोन थेंब तेल सोडावें, आंच मध्यम करून झांकण ठेवावें. तीन मिनिटांनीं वरची बाजू कोरडी दिसूं लागते आणि कडा तव्यापासून सुटतात. कडा सुटल्याखेरीज उलथनें लावूं नये. धिरडें फाटण्याचें दुसरें कारण हीच घाई होय. उलथल्यावर झांकण न ठेवतां आणखी दोन ते तीन मिनिटें भाजावें. दोन्ही बाजूंस बदामी डाग पडले आणि डाळीच्या पिठाचा कच्चा वास गेला म्हणजे धिरडें झालें.

शिक्षण घेणाऱ्यांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. दुसरा घाणा करावयाचा असेल तर पहिल्याच वेळीं दुप्पट मिश्रण कालवून ठेवूं नये. मीठ लावलेला कोबी तासभर पाणी सोडीतच राहतो, आणि आमच्या पहिल्या प्रयत्नाची पुनरावृत्ति होते. कोबी चिरून ठेवावा, पिठें मोजून ठेवावीं. मीठ मात्र तव्याच्या वेळेचा हिशेब करून लावावें.

हें कां घडतें ?

मिठानें पाणी कां सुटतें, हा प्रश्न स्वयंपाकघरांत उठतो; पण त्याचें उत्तर शास्त्राच्या तासाला मिळतें. कोबीचें पान असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें असतें, आणि त्याच्या वजनांतील शेंकडा ९२ च्या आसपास भाग पाणीच असतो. प्रत्येक पेशीभोंवतीं एक पातळ पडदा असतो. त्यांतून पाणी सहज येऊं जाऊं शकतें, मीठ तितक्या सहज जाऊं शकत नाहीं. पडद्याच्या बाहेर मिठाचें तीव्र द्रावण झालें म्हणजे आंतील पाणी बाहेर ओढलें जातें. यासच परासरण म्हणतात. कैरीच्या फोडींस मीठ लावल्यावर खार सुटतो तो याच नियमानें, आणि काकडीची कोशिंबीर उशीर झाल्यास पाणथळ होते तीही याच नियमानें.

ज्या वाचकांस खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनीं दोन वाट्यांत सारख्या वजनाचा बारीक चिरलेला कोबी घ्यावा, एकींत अर्धा चमचा मीठ चोळावें, दुसरींत कांहीं घालूं नये, आणि पंधरा मिनिटांनीं दोन्ही वाट्या तिरप्या करून पाहाव्या. या प्रयोगाला कोणतेंही उपकरण लागत नाहीं, आणि प्रयोग झाल्यावर त्याचें धिरडें करतां येतें.

दुसरा प्रश्न असा कीं, इतकी भाजी एवढ्याशा पिठांत कशी धरून राहते? गव्हाच्या कणकेंत जो चिवटपणा असतो तो डाळीच्या, तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिठांत नसतो. परंतु उष्णता लागली कीं, या पिठांतील पिष्ट पाणी शोषून फुगतें व चिकट होतें, आणि डाळीचीं प्रथिनें घट्ट होतात. या दोन क्रियांनीं कोबीचे तुकडे एकमेकांस बांधले जातात. त्यांना वेळ मिळाला पाहिजे, म्हणूनच कडा सुटेपर्यंत धीर धरावा असें वर सांगितलें. तिकडे कोबी झांकणाखालीं आपल्याच वाफेवर पांच सहा मिनिटांत शिजतो. गंधकाचा वास सुटण्यास जो दीर्घकाळ लागतो तो त्यास मिळतच नाहीं, आणि तव्याला टेंकलेला भाग भाजून गोडसर होतो. त्या दिवशीं वर्गांत कोबी शिजत होता, पण कोबीचा वास कोणासही आला नाहीं.

पोषणाचा हिशेब

स्वस्त पदार्थ पोटभरीचाच असतो, पुष्टीचा नसतो, असा एक समज आहे. कोबीच्या बाबतींत तो अर्धाच खरा आहे. नुसत्या कोबीवर मनुष्याचें भागणार नाहीं. १०० ग्रॅम कोबींत उष्मांक अवघे २५ आणि प्रथिनें सुमारें सव्वा ग्रॅम. परंतु त्यांत तंतुमय भाग सुमारें अडीच ग्रॅम असतो, आणि कच्चा असतांना 'क' जीवनसत्त्व सुमारें ३५ मिलिग्रॅम असतें. हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनीं १९२८ सालीं जें द्रव्य वेगळें काढलें व पुढें जें 'क' जीवनसत्त्व ठरलें, तें त्यांनीं प्राण्यांच्या ग्रंथींप्रमाणेंच संत्र्यांतून व कोबींतूनही मिळविलें होतें. १९३७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. शिजवितांना या जीवनसत्त्वाचा कांहीं भाग नष्ट होतो हें खरें. परंतु थोडा वेळ शिजविलें आणि पाणी टाकलें नाहीं तर पुष्कळ भाग वांचतो.

कोबीची उणीव पिठें भरून काढतात. डाळीच्या पिठांत वजनाच्या पांचव्या हिश्श्याहून थोडीं अधिक प्रथिनें असतात. तांदूळ, ज्वारी इत्यादि धान्यांच्या प्रथिनांत लायसिन नांवाचा एक आवश्यक घटक कमी असतो, तो डाळींत विपुल असतो. आणि डाळींत जो कमी असतो तो धान्यें पुरवितात. वर दिलेल्या प्रमाणांतील आठ धिरड्यांत मिळून २८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनें येतात. सोबत दह्याची वाटी किंवा शेंगदाण्याची चटणी असली तर शाळकरी मुलाच्या न्याहारींत आणखी कांहीं हवें असें नाहीं.

हाच पदार्थ दुसऱ्या देशांत

कोबी आणि पीठ यांची ही जोडी आपल्यालाच सुचली असें नाहीं. जपानांत दुसऱ्या महायुद्धापूर्वीं पिठाची एक पातळ पोळी, तिच्यावर थोडी पात भुरभुरवून, मुलांच्या खाऊसारखी अल्प किमतीस विकीत असत. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमा शहरावर अणुबॉम्ब पडला आणि क्षणांत शहर उद्ध्वस्त झालें. त्यानंतरच्या दिवसांत तांदूळ मिळेना. अमेरिकेंतून मदत म्हणून आलेलें गव्हाचें पीठ मात्र मिळूं लागलें. तेव्हां लोकांनीं त्याच खाऊच्या पोळीवर स्वस्त कोबीचा ढीग रचून तिला जेवणाचें रूप दिलें. तिला 'ओकोनोमियाकी' म्हणतात. 'ओकोनोमि' म्हणजे आपल्या आवडीप्रमाणें, आणि 'याकी' म्हणजे भाजलेलें.

ओसाका शहरांत कोबी पिठांत कालवून ही पोळी करतात, म्हणजे आपल्या धिरड्याप्रमाणेंच. हिरोशिमांत मात्र प्रथम पिठाचा पातळ थर पसरून त्यावर बारीक चिरलेला कोबी डोंगरासारखा रचतात आणि मग सर्व उलथतात. त्यामुळें कोबी पोळीखालीं आपल्याच वाफेवर शिजून खालीं बसतो. पुढें सुस्थिति आल्यावर तींत शेवया, अंडें, मांस इत्यादि जिन्नस आले. परंतु कोबीला कोणीं काढून टाकलें नाहीं. पडत्या काळांत जो पदार्थ उपयोगी पडला, तो त्या शहरानें आपला म्हणून मिरविला. आज हिरोशिमास जाणारा प्रवासी ती पोळी आवर्जून खातो.

शेवटचे दोन शब्द

महाराष्ट्रांत नाशिक, पुणे, सातारा या जिल्ह्यांत कोबीचें पीक पुष्कळ येतें. बाजारांत आवक फार वाढली म्हणजे भाव इतका उतरतो कीं, काढणीची मजुरी व गाडीभाडेंही सुटत नाहीं, आणि शेतकऱ्यांनीं उभ्या पिकांत नांगर फिरविल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. एकीकडे शेतांत कोबी गाडला जातो, आणि दुसरीकडे आमच्या घमेल्यांत रांधलेला कोबी टाकला जातो. दोन्हीं ठिकाणीं श्रम मातीमोल होतात. भाव ठरविणें आपल्या हातीं नाहीं. घमेलें मात्र आपल्या हातांतलें आहे.

तें रिकामें कसें करावें, याविषयीं इतिहासांत एक बोधप्रद गोष्ट आहे. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक १७६८ ते १७७१ या वर्षांत 'एन्डेव्हर' जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणेस गेला. लांबच्या सफरींत ताजी भाजी न मिळाल्यानें खलाशांस स्कर्व्ही नांवाचा रोग होई. त्यावर उपाय म्हणून त्यानें मिठांत आंबविलेल्या कोबीचीं पिंपें बरोबर घेतलीं होतीं. खलाशी प्रथम त्यास शिवेनात. कुकनें सक्ति केली नाहीं. त्यानें तो कोबी रोज अधिकाऱ्यांच्या मेजावर वाढावयास लावला, आणि खलाशांनीं घ्यावा कीं न घ्यावा हें त्यांच्या मर्जीवर सोडलें. आपले वरिष्ठ खातात असें दिसतांच थोड्याच दिवसांत मागणी इतकी वाढली कीं, प्रत्येकाचा वांटा ठरवून द्यावा लागला.

आम्हींही तेंच केलें. पुढच्या आठवड्यांत कोबीच्या दिवशीं वसतिगृहांत रात्रीं तीन तवे मांडले, मोठ्या मुलींनीं पाळीपाळीनें धिरडीं लावलीं, आणि मुलांच्या पंगतींत सर्व शिक्षक जेवावयास बसले. शेंकडों धिरडीं एकेक करून भाजण्यास वेळ फार लागतो, आणि शेवटच्या पंगतीला भुकेनें तिष्ठावें लागलें, हें कबूल केलें पाहिजे. म्हणून हा बेत आतां पंधरवड्यांतून एकदांच होतो. इतर दिवशीं साधी भाजीच असते, मात्र ती पाणी न घालतां, जेवणाच्या घंटेपूर्वीं थोडाच वेळ आधीं परततात. घमेलें अजून ठेवावें लागतें. तें पूर्वींसारखें भरत नाहीं.

पाठ झाला त्याच दिवशीं मधल्या सुटींत आम्ही जिन्याखालच्या पायरीवर त्या मुलीजवळ गेलों आणि तिच्या डब्यांतील एक धिरडें मागून घेतलें. तें सकाळचें गार झालेलें होतें, तरी वर्गांत केलेल्या धिरड्यांहून सरस होतें. तिच्या आईच्या मिश्रणांत भाजलेल्या तिळांचें कूट असतें, हें तेव्हां कळलें. वरच्या साहित्यांत तें वाचकांनीं आवडीनुसार घालून घ्यावें. दुसऱ्या दिवशीं तिच्या वर्गांतील दोन मुली तिच्याबरोबर पायरीवर बसलेल्या दिसल्या. त्यानंतर तिनें जागा केव्हां बदलली, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, थोडक्यांत संसार चालविणाऱ्या घरांत पुष्कळ विद्या असते, आणि ती पुस्तकांत क्वचितच लिहिलेली सांपडते. आपल्या आईनें, आजीनें किंवा मावशीनें साध्या जिनसांची एखादी रीत बसविली असेल, तर ती विचारून घ्या, वजनें मापें करून वहींत उतरून ठेवा, आणि तिचें कारण शास्त्राच्या शिक्षकांस विचारा. पुढील वार्षिकांत अशा पांच दहा रीती छापावयास मिळाल्या, तर या पाठाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.